लोकर का आटते?

लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात साबण लावून चोळला, की वडिलांचा स्वेटर धाकट्या मुलाच्या अंगाचा होतो, हे पुष्कळ घरांतील दुःख आहे. सुती कापडही आटते; पण पहिल्या एकदोन धुण्यांनंतर ते बहुधा स्थिरावते. लोकर मात्र दर धुण्यास आटत जाते, दाट आणि ताठ होते, आणि ओढून पूर्ववत करू म्हटले तर दाद देत नाही. असे का व्हावे?

सूक्ष्मदर्शकाखाली लोकरीचा तंतू पाहिला, तर छपरावरील कौलांसारखे एकावर एक चढलेले खवले त्यावर दिसतात. या सर्व खवल्यांच्या कडा तंतूच्या शेंड्याकडे वळलेल्या असतात. आपल्या डोक्याच्या केसाचीही रचना अशीच आहे. एक लांब केस अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये उभा धरून बोटे खालीवर चोळा. केस एकाच दिशेने, मुळाकडील टोक पुढे करून, सरकू लागेल. वर्गात हा प्रयोग करताना मुलांना जो आनंद होतो, तो फळ्यावरच्या कोणत्याही आकृतीने होत नाही. गवतातून चालताना धोतरात शिरलेले कुसळ पुढेच जाते, मागे येत नाही. तोच हा प्रकार. पाण्यात भिजलेली लोकर चोळली, की तिचा प्रत्येक तंतू मुळाच्या दिशेने सरकतो, शेजाऱ्यांत गुंततो आणि परतू शकत नाही.

आपल्या भागातील कारागिरांनी हा दोष म्हणून पाहिला नाही. दख्खनी मेंढीची भरड लोकर पिंजून, पसरून, ओलवून आणि गुंडाळून दाबली, की मागाविनाच जेन तयार होते. धाग्याची वीण नाही, शिवण नाही; केवळ खवल्यांची पकड.

या पकडीचा शास्त्रीय विचार ज्यांनी केला, त्यांत इंग्लंडमधील लीड्स येथील लोकर-संशोधन संस्थेतले आर्चर मार्टिन हे एक होते. १९३८ साली ते तेथे गेले. लोकर म्हणजे केराटिन नावाचे प्रथिन. त्यात कोणती अमिनो आम्ले किती आहेत, हे त्यांना व त्यांचे सहकारी रिचर्ड सिंज यांना मोजावयाचे होते. मिश्रणातून ती आम्ले वेगळी काढणे फार जिकिरीचे होते. १९४१ साली त्यांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. सिलिका जेलच्या कणांत पाणी धरून ठेवावयाचे आणि त्यावरून क्लोरोफॉर्म वाहू द्यावयाचा. ज्या द्रव्याला पाण्याचा ओढा अधिक, ते मागे रेंगाळते, दुसरे पुढे जाते. या विभाजन-पद्धतीबद्दल दोघांना १९५२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज तिचे नाव औषधांच्या प्रयोगशाळांत अधिक ऐकू येते. तिचा जन्म लोकरीच्या अभ्यासातून झाला, हे थोड्यांच्या ध्यानी असते. याच मार्टिन यांनी १९४४ साली लोकरीच्या आटण्याच्या उपपत्तीवरही निबंध लिहिला.

कारण उमगले तरी उपाय सोपा नव्हता. क्लोरिनने खवल्यांच्या कडा झिजवता येतात, हे एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होते; परंतु मात्रा थोडी चुकली, की खवल्यांबरोबर तंतूही दुबळा होतो व रंगही ठिकठिकाणी कमीअधिक चढतो. १९६०-७० च्या दशकात ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी यात सुधारणा केली. लोकरीला आधी क्लोरिनचा सौम्य हात द्यावयाचा, मग तिच्यावर राळेसारख्या कृत्रिम द्रव्याचा अतिशय पातळ थर चढवावयाचा. पाण्यात हा थर फुगतो आणि खवले झाकतो. धुलाईयंत्रात टाकता येणारी लोकर बाजारात आली, ती मुख्यतः या पद्धतीने.

मात्र गिरणीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्लोरिनयुक्त सेंद्रिय द्रव्ये येतात, व त्यांतील कित्येक सहजासहजी कुजत नाहीत. म्हणून ओझोन, विद्युत्-प्रवाहाने चेतवलेला वायू आणि प्रथिन पचविणारी विकरे असे पर्याय पुढे आले आहेत. विकरांचा मार्ग मला सर्वांत मनोवेधक वाटतो, आणि सर्वांत अवघडही. कारण खवलाही प्रथिनाचा आणि आतला गाभाही प्रथिनाचाच. खवला खाऊन झाल्यावर विकराला थांबावयास कोण सांगणार? ते फटींतून गाभ्यात शिरते आणि तंतूचे बळ घटते. त्यामुळे विकराचा रेणू मुद्दाम मोठा करून त्याला पृष्ठभागावरच अडकवून ठेवण्याचे प्रयोग झाले आहेत.