चाळा थांबवण्याआधी

(पारनेर येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सेनापती बापटांचं हे गाव. हातात झाडू घेऊन रस्ता झाडताना लोक काय म्हणतील, याची त्यांनी कधी पर्वा केली नाही. आजचा माझा विषय शेवटी त्याच धाकाशी येऊन भिडतो. काही मुलं हात फडफडवतात, बसल्या जागी पुढेमागे डोलतात, स्वतःभोवती गरागरा फिरतात, बाटलीचं झाकण तासन्‌तास फिरवत बसतात, एकच शब्द घोकत राहतात. तज्ज्ञ याला स्टिमिंग म्हणतात, आपण चाळा म्हणू. लग्नात, जत्रेत, एसटीत तो सुरू झाला की आईचा हात आधी मुलाच्या हातावर जातो. मुलाला त्रास होत असतो म्हणून नव्हे. चार लोक बघत असतात म्हणून.

माझं सांगणं थोडक्यात असं: चाळा थांबवण्याआधी तो कशासाठी चालला आहे ते शोधा. शोधलंत, तर पुष्कळदा तो थांबवण्याची गरजच उरणार नाही.

चाळे आपण सगळेच करतो. विचारात पडलो की पाय हलवतो, पेनचं टोपण चावतो. तान्ही बाळं झोपेला आली की अंग डोलवतात. जन्मतः दृष्टी नसलेली काही मुलं डोळे दाबतात, डोलतात. स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांमध्ये हेच जास्त वेळ, जास्त जोरानं आणि जास्त गरजेपोटी होतं. 1943 साली लिओ कॅनर यांनी 11 मुलांची निरीक्षणं लिहून स्वमग्नतेचं पहिलं ठळक वर्णन केलं, त्यातही या हालचाली आहेत. पण त्यामागचं संवेदनांचं कारण निदानाच्या अमेरिकन निकषांत स्पष्टपणे यायला 2013 साल उजाडावं लागलं. या मुलांपैकी काहींच्या मेंदूला आवाज, उजेड, स्पर्श फार तीव्र जाणवतो. डीजेसमोर आपण नाचतो, त्यांना तिथं उभं राहणं असह्य होतं. काहींना उलट फार कमी जाणवतं, म्हणून ती फिरून, उड्या मारून शरीराला जाणीव मिळवून देतात. आणि काही वेळा हात फडफडतात ते निव्वळ आनंदानं.

हे मी मनचं सांगत नाही. टेंपल ग्रँडिन या स्वमग्न अमेरिकन बाईंचा जन्म 1947 चा. लहानपणी त्या बोटांतून वाळू सोडत तासन्‌तास बसत. तरुणपणी मावशीच्या गुरांच्या फार्मवर त्यांनी पाहिलं, की लस टोचण्यासाठी जनावराला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या खोड्यात घेतलं की बुजलेली काही जनावरं शांत होतात. पशुवैद्यकीय दवाखान्यासमोर खोडा आपणही पाहतो. ग्रँडिन यांनी स्वतःसाठी तसा लाकडी खोडा बनवला. आतून मऊ, आणि दाब किती हवा ते स्वतःच्या हातात. त्यात शिरलं की त्यांची घालमेल थांबे. आजूबाजूच्यांना तो वेडेपणा वाटला. पुढे त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या.

याउलटचा इतिहासही ऐका. 1960 च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये ओले इव्हार लोव्हास यांनी असे चाळे मोडण्यासाठी मुलांना ओरडणं, चापट मारणं, विजेचे झटके देणंसुद्धा उपचार म्हणून वापरलं. मूल इतरांसारखं दिसावं, हा त्यामागचा हट्ट. मुलाला आतून काय होतं, हे विचारायला फार उशीर झाला. 2019 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी 32 स्वमग्न प्रौढांना विचारलं. त्यांच्या सांगण्याचं सार असं: चाळ्यानं आम्ही शांत होतो, अनावर भावना आवाक्यात येतात, लोकांच्या नजरांमुळे तो दाबावा लागतो.

आता घरी काय करायचं? एक साधी वही घाला. चाळा वाढला की तीन गोष्टी टिपा: आधी काय झालं, चाळा कोणता, नंतर काय झालं. वेळ, जागा, गोंगाट, भूक, झोप हेही लिहा. दोन-तीन आठवड्यांत कारण पानावर दिसू लागतं.

चाळा अचानक सुरू झाला किंवा एकदम वाढला, तर आधी शरीर तपासा. ज्याला सांगता येत नाही, ते मूल कान ठणकला, दात दुखला, पोट साफ झालं नाही तरी डोकं आपटू शकतं. हालचालीच्या वेळी हाक मारून, हात लावूनही मूल भानावर येत नसेल, नजर एकटक झाली असेल, तर ती फीटही असू शकते. मोबाइलवर चित्रण करा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

मध्ये पडायचं ते तीन प्रसंगी: मुलाला इजा होत असेल, दुसऱ्याला होत असेल, किंवा खाणं, झोपणं, शिकणं अडत असेल. तेव्हाही नुसतं 'नको' म्हणू नका, त्याच गरजेला दुसरी वाट द्या. हात चावणाऱ्याला चावण्यासाठीच बनवलेली रबरी वस्तू द्या. फिरणाऱ्याला झोका. अंगाला दाब हवा असणाऱ्याला भाकरीचं पीठ मळू द्या, झेपेल एवढी पाण्याची बादली उचलू द्या. गोधडीत गुंडाळून घेणं आवडत असेल तर तेही, पण तोंड मोकळं हवं आणि वाटेल तेव्हा बाहेर पडता आलं पाहिजे. गोंगाटात कान झाकणारे हेडफोन घाला. डोकं आपटणं, स्वतःला चावणं वारंवार होत असेल तर वाट पाहू नका, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि डॉक्टरांची मदत घ्या.

हात बांधणं, चटके देणं, 'बाहेरचं आहे' म्हणून देवऋषीकडे नेणं, हे मुलाच्या दुःखात भर घालणं आहे. अघोरी उपचारांविरुद्ध आपल्या राज्यात 2013 पासून कायदा आहे.

मदत कुठं मिळेल, तेही लिहून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांची तपासणी करतात. वाढीतला विलंब शोधणं हे त्यांचं कामच आहे. पथक आलं की शंका मोकळेपणानं बोलून दाखवा. पुढची तपासणी जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे, म्हणून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे ओळखपत्र मिळतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य संरक्षण आहे आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो.

गुरुजनांना माझी विनंती आहे. वर्गात डोलणारं मूल तुमचं ऐकत नाही, असं समजू नका. कदाचित डोलतं म्हणूनच ते ऐकू शकतं. शिक्षा म्हणून त्याची मधली सुट्टी काढून घेऊ नका, त्या सुट्टीतल्या धावण्यावरच त्याचा पुढचा तास उभा असतो. आणि गावकऱ्यांनो, पुढच्या जत्रेत असं एखादं मूल दिसलं तर 'पोराला आवरा' म्हणू नका. त्याच्या आईला विचारा, 'ताई, याला गोंगाटाचा त्रास होतोय का? आमच्या ओसरीवर थोडा वेळ बसवता का?' एवढं विचारणारी दहा घरं ज्या गावात असतील, तिथल्या आईला मुलाचे हात धरून ठेवावे लागणार नाहीत.