अंश आणि छेद : वैद्यक व सार्वजनिक आरोग्याचे जोडशिक्षण

वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यापुढे रुग्ण एकेक करून येतो. त्याची तक्रार ऐकणे, त्याला तपासणे, निदान करणे आणि उपचार ठरवणे हा त्या शिक्षणाचा गाभा आहे. सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण दुसऱ्या टोकापासून सुरू होते. एखाद्या वस्तीतील किती माणसांपैकी किती जण आजारी पडले, कोठे पडले, केव्हा पडले, आणि त्याच वस्तीतील बाकीचे कशामुळे वाचले, हे त्याचे प्रश्न. रुग्णालयात दिसतो तो अपूर्णांकातील वरचा आकडा, म्हणजे अंश. छेद गावात असतो. रुग्णालयापर्यंत न पोहोचलेले रुग्ण आणि निरोगी माणसे छेदातच मोजली जातात. अंश आणि छेद दोन्ही पाहू शकणारा डॉक्टर घडवणे हा या दोन पदव्या जोडण्याचा हेतू आहे.

ही दोन शिक्षणे मुळात वेगळी कशी झाली, याचा इतिहास अमेरिकेत सापडतो. 1910 च्या फ्लेक्सनर अहवालानंतर तेथील वैद्यकीय शिक्षण प्रयोगशाळा आणि रुग्णालय यांच्याभोवती बांधले गेले. 1915 मध्ये विल्यम वेल्च आणि विकलिफ रोझ यांनी सार्वजनिक आरोग्यासाठी स्वतंत्र संस्था असावी, असा आराखडा मांडला. 1916 मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे सार्वजनिक आरोग्याचे विद्यालय स्थापन झाले. स्वतंत्र संस्थेमुळे विषय वाढला, त्याला स्वतःचे अध्यापक व संशोधन मिळाले. मात्र रुग्ण पाहणारे आणि लोकसंख्या पाहणारे वेगवेगळ्या इमारतींत शिकू लागले.

हे अंतर भरून काढण्यासाठी अमेरिकेत एम.डी. आणि एम.पी.एच. यांचा जोड अभ्यासक्रम रुजला. तेथे एम.डी. ही वैद्यकाची पहिलीच पदवी असून ती चार वर्षांची असते. ‘मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ’ या स्वतंत्र पदवीला साधारण एक ते दोन वर्षे लागतात. जोड अभ्यासक्रमात काही विषय दोन्हीकडे धरले जातात आणि बहुतेक ठिकाणी दोन्ही पदव्या पाच वर्षांत मिळतात. अनेक विद्यार्थी तिसऱ्या व चौथ्या वर्षाच्या मध्ये एक वर्ष सार्वजनिक आरोग्यासाठी देतात. काही संस्थांनी उन्हाळी सत्रे वापरून सगळे चार वर्षांत बसवले आहे.

त्या वर्षात पाच विषयांचा पाया घातला जातो : साथरोगशास्त्र, जैवसांख्यिकी, पर्यावरण व आरोग्य, आरोग्यधोरण व व्यवस्थापन, आणि सामाजिक व वर्तनशास्त्रे. जोडीला क्षेत्रकार्य असते. सर्वेक्षणाची प्रश्नावली कशी बांधावी, नमुना कसा निवडावा, दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळेच दुसरी घडली असे का म्हणता येत नाही, हे विद्यार्थी येथे शिकतो.

या शिक्षणाने काय साधते, हे मिशिगन राज्यातील फ्लिंट शहरात दिसले. एप्रिल 2014 मध्ये शहराचा पाणीपुरवठा फ्लिंट नदीवर नेण्यात आला. पाण्यावर गंजरोधक प्रक्रिया न झाल्याने जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरू लागले. बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अतिशा यांनी वैद्यकाबरोबर सार्वजनिक आरोग्याची पदवीही घेतली होती. त्यांनी पाच वर्षांखालील मुलांच्या रक्ततपासण्यांची जुनी व नवी नोंद ताडून पाहिली. रक्तात शिशाचे प्रमाण वाढलेल्या मुलांचा वाटा 2.4 टक्क्यांवरून 4.9 टक्क्यांवर गेला होता. सप्टेंबर 2015 मध्ये त्यांनी हे आकडे जाहीर केले. सुरुवातीला सरकारी यंत्रणेने ते नाकारले, पण ऑक्टोबरमध्ये शहराचे पाणी बदलावे लागले. शिशाची बाधा बहुधा बाहेरून दिसत नाही. एकेक मूल तपासून हे संकट कळले नसते. सगळ्या मुलांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तेव्हा ते कळले.

बाल्टिमोरच्या त्याच विद्यालयाचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरला डॉक्टर झाले. त्यांनी अहमदनगर जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले. बरे होऊन गेलेले रुग्ण तेच आजार घेऊन परत येताना त्यांनी पाहिले होते. जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून त्यांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केले. पाणी, पोषण, बाळंतपण यांची जबाबदारी त्यांनी गावातल्याच, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना शिकवून त्यांच्याकडे दिली.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीही 1984 मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्येच सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि पुढे गडचिरोलीत काम उभारले. त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत प्रत्येक जन्म व मृत्यू नोंदवला आणि तुलनेसाठी 47 गावे ठेवली. पहिल्या गटात प्रशिक्षित ग्रामीण स्त्रिया घरी जाऊन नवजात बाळाचे वजन, ऊब, श्वास पाहत आणि जंतुसंसर्ग झाल्यास प्रतिजैविके देत. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी घटला. बाळाला काय द्यावे हे वैद्यकाने सांगितले. त्याने खरेच किती मृत्यू टळले, हे तुलनेची गावे होती म्हणून सिद्ध झाले. याच धर्तीवर 2011 पासून देशभरातील आशा कार्यकर्त्या नवजात बाळाच्या घरी भेटी देतात.

भारतात या दोन पदव्या प्रायः एकापाठोपाठ घेतल्या जातात. 1946 च्या भोर समितीने प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण सुचवले होते. तोच विषय आज ‘पीएसएम’ किंवा कम्युनिटी मेडिसिन म्हणून एम.बी.बी.एस.मध्ये शिकवला जातो. अलीकडे विद्यार्थ्यांनी खेड्यातील कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याकडे लक्ष देण्याचा उपक्रमही त्यात आला आहे. त्यापुढे दोन वाटा आहेत. कम्युनिटी मेडिसिनमधील तीन वर्षांची एम.डी. फक्त डॉक्टरांसाठी असते. एम.पी.एच. सहसा दोन वर्षांची असून परिचारिका, दंतवैद्य, समाजशास्त्रज्ञ असे इतर पदवीधरही तिला येतात. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत ती 1997 पासून शिकवली जाते.

जोडशिक्षणाची किंमत वेळ आणि पैसा या दोन्हींत मोजावी लागते. अमेरिकेत आधीच कर्जाखाली असलेल्या विद्यार्थ्यावर आणखी एका वर्षाच्या शुल्काचा भार पडतो. शिकलेले संख्याशास्त्र पुढील निवासी प्रशिक्षणाच्या धावपळीत वापराविना मागे पडण्याचाही धोका असतो. म्हणून ही पदवी केव्हा घ्यावी, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. लवकर घेतल्यास रुग्णाकडे पाहण्याची सवयच वेगळी घडते. उशिरा घेतल्यास विद्यार्थी स्वतःच्या अनुभवातून आलेले प्रश्न घेऊन वर्गात बसतो. आरोळे आणि बंग यांनी आधी खेड्यात काम केले, मग पदवी घेतली, आणि परत येऊन त्याच प्रश्नांना हात घातला. केवळ नावापुढे अक्षरे वाढवण्यासाठी हे वर्ष खर्च करू नये. ज्या डॉक्टरला आपल्या दवाखान्यात न पोहोचलेल्या माणसाचीही जबाबदारी वाटते, त्याच्यासाठी मात्र हे शिक्षण अत्यावश्यक आहे. कारण त्या माणसापर्यंत पोहोचण्याची पद्धत त्याला दुसरीकडे क्वचितच शिकायला मिळते.