पायऱ्या लिहा



पुढे कोळीनृत्य आहे आणि पडद्याआड पोरं ताटकळली आहेत, म्हणून थोडक्यात बोलतो. मघाशी बक्षीस घेताना एकाने मला हळूच विचारलं, "सर, गणिताचं उत्तर तोंडी येत असेल तर पायऱ्या कशाला लिहायच्या?"

बोर्डात पायऱ्यांना गुण असतात, हे क्लासवाल्यांनी सांगितलंच असेल. पण ते झालं परीक्षेपुरतं; पायऱ्यांचं खरं मोल त्यापलीकडे आहे.

आपल्याच जिल्ह्यात, डहाणूला, १९०५ साली दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर जन्मले. पुढे देवळालीला शाळामास्तर झाले. डॉक्टरेट नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. तरी त्यांचा ६१७४ हा आकडा जगभर गेला. कसा, ते आत्ताच करून पाहू. मराठ्यांनी वसईचा किल्ला घेतला ते साल १७३९. अंक उतरत्या क्रमाने मांडा, ९७३१. चढत्या क्रमाने, १३७९. वजाबाकी ८३५२. पुन्हा तसंच, ८५३२ वजा २३५८. आले ६१७४! चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फार तर सात वजाबाक्यांत इथेच पोचाल. मध्ये तीनच अंक उरले तर पुढे शून्य लावा. मास्तरांनी नुसता आकडा सांगितला असता तर कोण विचारणार होतं? त्यांनी रीत सांगितली, म्हणून शाळकरी पोरालाही ती पडताळता आली.

तुम्ही विचाराल, "मग गणितज्ञ रामानुजन कुठे पायऱ्या लिहीत?" कागद महाग म्हणून ते पाटीवर गणित करत आणि वहीत बहुतेक निष्कर्षच उतरवत. त्या वह्यांतल्या सूत्रांच्या सिद्धता पुऱ्या करण्यात ब्रूस बर्न्ट या अमेरिकन गणितज्ञाची वीसेक वर्षं गेली. पेपर तपासणाऱ्या बाईंकडे वीस मिनिटंही नसतात!

पायऱ्या असल्या की बाईंना दिसतं, कंस सोडवताना तिसऱ्या ओळीत वजाचं अधिक झालंय. म्हणजे पोराला समीकरण येतंय, चिन्ह तेवढं निसटलंय. नुसत्या चुकीच्या उत्तरावरून हे कसं कळणार?

आता शिक्षकांना एक विनंती. 'पायऱ्या दाखवा' म्हणजे 'गाइडातल्यासारखंच दाखवा' असं होऊ देऊ नका. एखादीने निराळ्या वाटेने बरोबर उत्तर काढलं, तर लाल रेघ मारण्याआधी तिला फळ्यापाशी बोलवा आणि सगळ्या वर्गासमोर तिची रीत मांडू द्या.