मृगाआधी जीपचा हूड

मृग लागायच्या आत आपण कौलं चाळून घेतो, सरपण आत भरतो, गोवऱ्या झाकून ठेवतो. पण ज्या जीपवर घर चालतं, तिच्या कापडी हूडकडे पहिली सर कोसळेपर्यंत कुणी वर मान करून बघत नाही. राजूरहून भंडारदरा, रतनवाडी, घाटघरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा पाऊस काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजीच म्हणतात. त्या हूडखाली बाळंतपणाला निघालेली बाई असते, शाळेची पोरं असतात, तांदळाची गोणी असते.

हूड गळायला लागला की लगेच ऐकायला मिळतं, कापड गेलं, नवा शिवा. पुष्कळदा कापड गेलेलं नसतं. त्यात वर्षभराची धूळ बसलेली असते आणि गाडीबरोबर तोही कपड्याच्या पावडरने धुतलेला असतो. पावडरीचं कामच पाण्याला कापडात शिरवायचं. ती नीट निघाली नाही, तर तेच काम ती पावसातही करते.

आधी हूड कशाचा आहे ते बघा. उलटी बाजू कापडाची आणि वरून गुळगुळीत, चकचकीत असेल तर ते रेक्झिन. दोन्ही बाजूंनी वीण दिसत असेल तर ते कॅनव्हास. कॅनव्हासवर पाणी शिंपडा. अळूच्या पानावरच्यासारखे थेंब घरंगळले तर नुसतं धुणं पुरे. पाणी पसरून डाग काळसर झाला तर पुढचं सगळं करायचं.

धुताना हूड काढू नका, जीपवरच ताणलेला राहू द्या. सुती कॅनव्हास वाळताना आटतो, मग टिचबटणं एकमेकांना पोचत नाहीत. आधी कोरडी धूळ झाडा. मग कोमट पाणी, थोडा साधा साबण आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश नको, आणि सर्व्हिसिंगच्या दुकानातला जोराचा फवाराही नको, त्याने वीण उकलते. काळी बुरशी असेल तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून तिथे लावा, अर्ध्या तासाने घासा. ब्लीचिंग पावडर लावाल तर डाग जाईल, पण धागाही कुजेल. शेवटी फेस अजिबात दिसेनासा होईपर्यंत पाणी ओता. आणि हे प्रवरेच्या पात्रात उभं राहून करू नका, तेच पाणी पुढच्या गावाला प्यायचं आहे.

आता खरं औषध, आणि ते वाण्याकडे मिळतं: साबण आणि तुरटी. साबण मात्र तेलापासून केलेला हवा, डिटर्जंटची वडी चालत नाही. खरा साबण विहिरीच्या जड पाण्यात फेस देत नाही, त्याची साय धरते, ही त्याची ओळख. म्हणून या कामाला मऊ पाणी घ्या. 200 ग्रॅम साबण किसून 5 लिटर गरम पाण्यात विरघळवा. दुसऱ्या बादलीत 250 ग्रॅम तुरटी 5 लिटर गरम पाण्यात. दोन्ही एकत्र ओतायचं नाही. वाळलेल्या हूडवर आधी साबणाचं पाणी ब्रशने मुरवा, ते जवळजवळ सुकलं की वरून तुरटीचं. दोन्ही कापडातच भेटतात आणि पाण्यात न विरघळणारा थर धाग्यांवर बसतो. आधी एका कोपऱ्यावर करून बघा, रंग उतरत नाही ना. मग दोन दिवस कडक ऊन. हा थर कायमचा नाही, दर वैशाखात पुन्हा द्यावा लागतो.

तरीही गळेल ती शिवणीतून. सुती दोरा भिजला की फुगतो आणि सुईचं भोक बुजवतो, नायलॉनचा दोरा फुगत नाही. शिवणीवर मधाच्या पोळ्याचं मेण किंवा मेणबत्ती घासा, जीप उन्हात उभी करा, मेण आत उतरतं. मेण रॉकेलमध्ये पातळ करून चुलीवर ठेवायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका, भडका उडतो.

रेक्झिनला तुरटीचा काही उपयोग नाही, कारण पाणी त्यात मुरतच नाही. तिथे फक्त शिवण आणि भेगा बघायच्या, भेगेवर आतून ठिगळ चिकटवायचं. प्लास्टिकची खिडकी आधी पाणी ओतून, मग जुन्या सुती धडप्याने पुसा. कोरडी घासली की चरे पडतात. थिनर लावला की ती धुरकट होते, आणि घाटातल्या धुक्यात मागचं काही दिसत नाही.

एक गोष्ट माझ्या मनातली. हूड धुणं म्हणजे बाईचंच काम असं घरोघरी धरलेलं आहे, आणि घरच्या जीपचं तिला कुणी काही देत नाही. पण साबण-तुरटीचा खर्च किती, नवा हूड शिवायला किती लागतात, हे गटाच्या बैठकीत एकदा मांडून बघा. स्टँडवर जीपा आहेत, रिक्षांचे हूड आहेत, बाजारकऱ्यांच्या सुती ताडपत्र्या आहेत. दोघीतिघींना एका दिवसात दोन हूड सहज होतात. दर आधी ठरवा आणि वैशाखातच काम घ्या. मृगाचे ढग आले की वाळवायला ऊन मिळत नाही, आणि ओला हूड गुंडाळून ठेवला तर आठ दिवसांत पुन्हा बुरशी.