मोठें घर सोडतांना



पुण्याच्या पेठांतील जुने वाडे एकामागून एक उतरविले जात आहेत. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां नदीकाठचे कित्येक वाडे एका दिवसांत गेले. मागें राहिलेले आतां सावकाश जात आहेत. ओटी, माजघर, कोठीची खोली, माळा अशा ऐसपैस घरांत ज्यांचा जन्म गेला, त्यांस उतारवयांत दोन खोल्यांत यावें लागतें. अशा वेळीं सामानाचें काय करावें हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. पण चाळीस वर्षें एकत्र संसार केलेल्या माणसांत त्यावरून अबोला झालेला मीं पाहिला आहे.

प्रथम थोडें गणित करूं. जन्मभर शाळेंत फळ्यापुढें उभ्या राहिलेल्या माणसाची ही खोड आपण सहन करावी. बारा फूट लांब व आठ फूट रुंद अशा खोलीचें क्षेत्रफळ ९६ चौरस फूट. तींत चार फूट रुंद व दोन फूट खोल कपाट ठेविलें, तर ८ चौरस फूट जागा गेली. त्याचीं दारें उघडावयास पुढें तेवढीच मोकळी लागते. म्हणजे एका कपाटानें खोलीचा सहावा हिस्सा घेतला. त्यांत वर्षानुवर्षें न सोडलेलीं गांठोडीं असतील, तर सुटींत आलेल्या नातवाचें अंथरूण कोठें घालावयाचें? लहान घरांत पहिला हक्क माणसांचा, हें या हिशोबावरून उघड होतें.

येथपर्यंत बहुतेकांस पटतें. अडचण येते ती पुढें. यजमान तांब्यापितळेच्या घंगाळांवर, हंड्यांवर, सतेल्यांवर एकवार नजर टाकतात आणि ‘हें सारें मोडींत घाला’ असें सांगून मोकळे होतात. स्वतःचीं जुनीं मासिकें मात्र ‘ज्ञान’ म्हणून बांधून ठेवितात. गृहिणीनें कांहीं म्हटलें तर ती भावनावश ठरते! वास्तविक त्या सतेल्यांत तिनें शंभर शंभर पानांचा स्वयंपाक केलेला असतो, आणि मासिकांवरील धूळहि पुष्कळदां तिनेंच झटकलेली असते. म्हणून माझें म्हणणें एवढेंच कीं, जी वस्तु ज्याच्या हातांनीं वापरली, तिचा निर्णय त्यानेंच करावा. दुसऱ्यानें फक्त जागा किती आहे तें सांगावें.

निर्णय झाल्यावर वस्तु कोठें जावी, याचाहि विचार हवा. मोडींत तांब्याचें केवळ वजन होतें. तेंच भांडें लेकीच्या वा भाचीच्या घरीं गेलें तर त्याचें काम चालू राहतें. मात्र देतांना त्याची माहितीहि द्यावी. पितळी पातेल्याची कल्हई गेली कीं त्यांत आंबट पदार्थ कळकतो, पाटा गुळगुळीत झाला कीं त्यास टाकी लावावी लागते, हें नव्या सुनेस कोण सांगणार? कै. दिनकर गंगाधर केळकर यांनीं पुण्यांत दिवे, अडकित्ते, भांडीं अशा रोजच्या वापरांतील वस्तूंचाच मोठा संग्रह केला व पुढें तो राज्य सरकारच्या स्वाधीन केला. ज्यास आपण अडगळ म्हणतों, तें पाहावयास तेथें दूरदूरचे लोक येतात.

कागदांविषयीं एक सावधगिरी सांगतों. माळ्यावर मोडी लिपींतील दप्तर सांपडल्यास तें रद्दींत घालूं नये. मोडी जाणणाऱ्यास अवश्य दाखवावें. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालापासून मराठ्यांच्या इतिहासाचीं जीं साधनें छापलीं, तीं बव्हंशीं लोकांच्या घरांतील अशाच दप्तरांतून मिळविलेलीं होतीं.

तेव्हां सामान बांधण्यापूर्वीं एका संध्याकाळीं दोघांनीं माजघरांत निवांत बसावें, यादी करावी, आणि लेखणी आधीं तिच्या हातीं द्यावी. नव्या घरांत वस्तु थोड्याच येतील. पण ‘मला न विचारतां गेली’ असें जिच्याविषयीं वाटत राहील, अशी एकहि वस्तु मागें राहणार नाहीं.