ज्वारीचा केवडा आणि रक्तवाढीची बाटली
(विटा येथील बैठकीतील भाषण)



चुनखडीच्या रानात ज्वारीचं कोवळं पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत लोह असतं, पण पिकाला उचलता येत नाही. दुकानदार रंगीत बाटली पुढे करतो. आम्ही सांगतो, हिराकस फवारा.

घरातली बाई फिकी पडली, दोन पाट्या उचलून तिला धाप लागली, की आपण काय आणतो? रक्तवाढीचं टॉनिक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांत ५४ जणींना रक्त कमी आढळलं. २०१५-१६ मध्ये हा आकडा ४८ होता. म्हणजे गिऱ्हाईक वाढलंच आहे.

आता हिशेब करू. २०० मिलीची बाटली, दोन वेळा दोन-दोन चमचे, दहा दिवसांत रिकामी. रक्त भरून यायला तीन-चार महिने लागतात. दहा-बारा बाटल्या कोण आणतं? एक आणतो, तीही बरीचशी साखरेचा पाक. लोह किती, ते लेबलावर बारीक अक्षरात.

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. तेच लोह, औषधासाठी शुद्ध केलेलं, उपकेंद्रातल्या फुकट गोळीत असतं: ६० मिलिग्रॅम, सोबत फॉलिक ॲसिड. (फवारणीचं हिराकस कुणी पोटात घेऊ नका.) गरोदर बाईनं ती रोज एक, १८० दिवस घ्यायची. शौचाला काळं होतं, त्याला भ्यायचं नाही. मळमळलं तर जेवणानंतर घ्यावी. जेवणात लिंबू पिळावं, चहा तासभर लांब ठेवावा. गोळ्या पोरांच्या हाती लागू देऊ नका, जास्त खाल्ल्या तर जिवावर बेततं.

पण फवारणीनं जमीन सुधारत नाही. जंत, अंगावरून जास्त जाणं, मूळव्याध, लागोपाठ बाळंतपणं, यांतून रक्त जातच राहिलं तर गोळीही पुरत नाही. आणि जी सगळ्यांना वाढून शेवटी उरलेली भाकरी खाते, तिच्या ताटात भाजी, डाळ येणार कधी?

म्हणून गावी गेल्यावर तीन कामं करा. बाटलीआधी हिमोग्लोबिन तपासा: बाईचं १२ च्या खाली, गरोदर असेल तर ११ च्या खाली, म्हणजे कमी. उपकेंद्रात गोळ्या नसतील तर ग्रामसभेत उभं राहून विचारा. आणि आज रात्री घरच्या बाईला आपल्याबरोबर जेवायला बसवा. याला पैसा लागत नाही.