मोबाईलवरील खेळ आणि आपली मुले
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



मुलांच्या विद्याभ्यासाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली आहे. त्या अभ्यासाचा आजचा मोठा वैरी मुलांच्या हातांतच आहे. तो म्हणजे मोबाईलवरील ऑनलाइन खेळ.

खेळ मुळात वाईट नव्हे. सुटीत दोन दिवस त्यात रमलेल्या मुलास कोणी व्यसनी म्हणू नये. परंतु खेळावर ताबा राहत नाही, झोप, शाळा व घर त्यापुढे मागे पडते आणि नुकसान दिसत असताही खेळ सुटत नाही, असे बहुधा वर्षभर चालले, तर तो विकार होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात तो २०२२ पासून अंतर्भूत आहे.

दक्षिण कोरियाने २०११ साली सोळा वर्षांखालील मुलांस मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत संगणकावरील ऑनलाइन खेळ बंद केले. २०२२ च्या आरंभी तो निर्बंध उठविला. आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. इतर खेळ चालूच आहेत. कायदा दार लावू शकतो. मन वळविणे हे आपलेच काम.

मुलगा त्या खेळात केवळ जिंकावयास जात नाही. तेथे त्याचे सोबती वाट पाहत असतात. डाव अर्ध्यावर सोडला तर ते हरतात. म्हणूनच मध्येच मोबाईल हिसकावला की तो संतापतो. सोबतीने जडलेली सवय एकांतातील शिक्षेने कशी सुटावी? तिला सोबतच हवी.

समूह-समुपदेशनाचे मर्म हेच. आठ-दहा समवयस्क मुले, एक प्रशिक्षित समुपदेशक आणि आठवड्यास एक तास. येथले बोलणे बाहेर न्यावयाचे नाही, हा पहिला नियम. प्रत्येकाने किती वेळ खेळलो व त्यापूर्वी मनात काय होते, कंटाळा, भीती की एकटेपणा, हे वहीत टिपावे. आपलीच व्यथा दुसऱ्याच्या तोंडून ऐकली म्हणजे लाज ओसरते. पुढे 'रात्री दहानंतर नवा डाव नाही' असा लहानसा निश्चय मुलाने स्वतः करावा आणि पुढील बैठकीत सोबत्यांस त्याचा हिशेब द्यावा. मोकळा झालेला वेळ मैदानाने वा छंदाने भरावा. रिकामा राहिल्यास खेळ परत येतो. पालकांची बैठक निराळी असावी. जेवताना वडिलांचाच मोबाईल चालू असेल, तर उपदेश व्यर्थ होय.

मात्र मुलगा शाळाच सोडू लागला, हिंसक झाला वा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागला, तर बैठकीची वाट न पाहता मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे.

आपले मंडळ शिष्यवृत्त्या देते व गुणवंतांचा सत्कार करते, हे भूषणावह आहे. परंतु मागे पडलेल्या मुलाचे नाव त्या यादीत कधीच येत नाही. त्याच्यासाठी रविवारी एक खोली आणि एका समुपदेशकाचे मानधन एवढी तरतूद मंडळाने करावी, अशी आमची नम्र सूचना आहे. ती आपण मनावर घ्यावी, इतके विनवून आम्ही आपली रजा घेतो.